हिमेजीचा लाकडी किल्ला चारशे वर्षं उभा कसा राहिला

हिमेजीच्या किल्ल्यात तिसऱ्या मजल्यावर पोचलात की पश्चिमेकडच्या मोठ्या खांबाजवळ जरा थांबा, मागून गर्दी येत असेल तर येऊ दे. त्या खांबाला एक जोड आहे. खालचं लाकूड एका झाडाचं, वरचं दुसऱ्या झाडाचं, आणि दोन्ही झाडं १९५० च्या दशकाच्या शेवटी तोडलेली. म्हणजे १६०९ साली बांधून झालेल्या किल्ल्याचा कणाच म्हणावा असा खांब, आणि तो आपल्या आजोबांच्या काळातला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं सांगते मी हिरमुसले होते, मला वाटलं होतं आपण चारशे वर्षांपूर्वीच्या लाकडाला हात लावतोय. मग वाचत गेले, दुसऱ्यांदा जाऊन आले, आणि आता त्या जोडासाठीच तिसऱ्यांदा जावंसं वाटतं. का ते सांगते.

आधी ठिकाण. हिमेजी हे शहर जपानच्या ह्योगो प्रांतात, ओसाका आणि कोबेच्या पश्चिमेला. स्टेशनच्या बाहेर आलं की सरळसोट रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला टेकडीवर किल्ला, एवढा पांढरा की लांबून बगळा बसल्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं दुसरं नाव शिरासागी-जो, पांढऱ्या बगळ्याचा किल्ला. आपल्याला किल्ला म्हटलं की सह्याद्रीचा कातळ डोळ्यासमोर येतो, तट, बुरुज, दरवाजे सगळं दगडी. जपानी किल्ला समजून घ्यायचा तर तो दोन भागांत बघायचा, खाली दगड आणि वर लाकूड. दगडाचा उंच चौथरा, आणि त्याच्यावर मजल्यावर मजले चढवलेला लाकडी मनोरा, त्याला तेन्शु म्हणतात. हिमेजीला असा एक मोठा तेन्शु आणि तीन छोटे, चौघं एकमेकांना बंदिस्त पुलांसारख्या दालनांनी जोडलेले. मोठा तेन्शु बाहेरून पाच मजली दिसतो पण आत सहा मजले आणि खाली तळघर, असे एकूण सात. चौथऱ्यासकट त्याची उंची ४६ मीटर.

आता लाकडाचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर आग. रायगडावर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि गडावरचे वाडे जळून गेले, आज आपण तिथे उरलेली जोती बघतो आणि वरचं मनात उभं करतो. जपानमध्ये बहुतेक किल्ल्यांचं हेच झालं, काही लढाईत जळले, काही वीज पडून, काही सरकारनेच पाडले, काही बॉम्बहल्ल्यात गेले. अख्ख्या देशात जुने मूळ तेन्शु आज फक्त १२ उरलेत. ओसाका आणि नागोयाचे जे तेन्शु फोटोत दिसतात ते २० व्या शतकात काँक्रीटमध्ये परत बांधलेले आहेत. त्या १२ मधला सगळ्यात मोठा हिमेजीचा.

सुरुवातीचा इतिहास पटकन सांगते. १३३३ मध्ये अकामात्सु घराण्याने इथल्या हिमेयामा टेकडीवर गढी बांधली, १३४६ मध्ये तिचा किल्ला झाला. १५८० मध्ये तो कुरोदा कान्बेईने तोयोतोमी हिदेयोशीच्या हवाली केला, हिदेयोशी तेव्हा ओदा नोबुनागाचा सरदार होता, पुढे तोच अख्ख्या जपानचा कर्ताधर्ता झाला. त्याने इथे तीन मजली तेन्शु उभा केला. तो आज दिसत नाही, पण त्याचा पाया आताच्या तेन्शुच्या खाली सापडला आहे.

खरी उलथापालथ झाली १६०० साली सेकीगाहाराच्या लढाईत. हिदेयोशी वारला होता, मुलगा लहान, आणि सत्ता कोणाची यावरून देशाचे दोन तट पडले, त्यात तोकुगावा इएयासु जिंकला. जिंकला खरा, पण हिदेयोशीचा मुलगा अजून ओसाकाच्या किल्ल्यात होता आणि पश्चिमेकडचे बरेच मोठे सरदार मनाने त्याच्याच बाजूचे. पश्चिमेकडून फौज निघाली तर ती ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्यावर हिमेजी आहे. मग इएयासुने काय केलं, तर हिमेजी आपल्या जावयाला दिलं, इकेदा तेरुमासाला, ५ लाख २० हजार कोकुंच्या मुलखासकट. कोकु म्हणजे भाताचं माप, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, साधारण दीडशे किलो. सरदाराची ऐपत पैशात मोजायचे नाहीत, त्याच्या मुलखात किती कोकु पिकतं यावर मोजायचे. म्हणजे तेरुमासाच्या हातात पाच लाखांहून जास्त माणसांचा वर्षाचा तांदूळ पिकवणारा मुलूख होता, एवढा मोठा किल्ला उगाच उभा राहत नाही. १६०१ ला काम सुरू झालं आणि १६०९ ला तेन्शु पुरा झाला. आपल्याकडच्या हिशेबाने सांगायचं तर शिवराय जन्मले त्याच्या २१ वर्षं आधी.

दगड कमी पडले हे मला फार आवडलेलं. चौथऱ्याच्या भिंतींमध्ये नीट बघितलं तर जुन्या थडग्यांमधल्या दगडी पेट्या, देवळातले दगडी दिवे, असं काय काय बसवलेलं सापडतं. आणि एका ठिकाणी जाळी लावून जपलेला एक गोल दगड आहे, जात्याची तळी. गोष्ट अशी सांगतात की हिदेयोशीच्या वेळी दगड मिळेनात तेव्हा मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, भाजून विकणाऱ्या एका गरीब म्हातारीने आपलं जातं आणून दिलं, घ्या म्हणाली, आणि ते ऐकून गावोगावचे लोक दगड घेऊन आले. खरं खोटं देव जाणे, पण दगड तिथे आहे. आपल्याकडे जातं म्हणजे घरातली बाई आणि तिच्या ओव्या, त्यामुळे त्या जाळीसमोर मी बराच वेळ उभी होते.

हे दगड चुन्याने सांधलेले नाहीत, नुसते एकमेकांवर बसवलेत. मागे खडीचा जाड थर भरलेला असतो, पावसाचं पाणी त्यातून झिरपून निघून जातं, भिंतीमागे साठून तिला ढकलत नाही. भूकंपात दगड जरा सरकतात, परत बसतात. भिंतीला बाकही आहे, खाली ती तिरकी असते आणि वर जाता जाता जवळजवळ उभी होते, म्हणजे चढणारा माणूस खाली आरामात चढतो आणि वर जाऊन अडकतो.

भिंतींबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळं गणित तिथे आहे. कोकणात कुडाच्या भिंती असायच्या आठवतं का, कामट्या बांधून त्यावर माती लिंपलेली? हिमेजीच्या भिंतीचा आत्मा तोच आहे. बांबूची जाळी दोरीने बांधायची, त्यावर पेंढा घातलेली माती, एक थर वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा, असं करत भिंत चांगली जाड होते. आणि सगळ्यात वर पांढरा गिलावा, त्याला जपानीत शिक्कुई म्हणतात. विरवलेला चुना, शिंपल्यांची राख, तागासारखे दोरे, आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेला डिंक. आपल्याकडे चुना मळताना गूळ, बेलफळ असं काय काय घालायचे, तसाच प्रकार, चुना धरून राहायला काहीतरी चिकट लागतंच. हा गिलावा त्यांनी भिंतीपुरता ठेवला नाही, छपराच्या वळचणीखाली जे वासे बाहेर येतात त्यांनाही थापला, खिडकीच्या गजांनाही थापला, आणि छपरावर कौलांच्या सांध्यांतही भरला. बाहेरून एक बोटभर लाकूडही उघडं राहू नये असा प्रयत्न, कारण तो काळ बंदुकांचा. १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडून बंदूक जपानमध्ये आली आणि साठ वर्षांत लढाईची पद्धतच बदलली, गोळी आणि आग दोन्ही सोसेल अशी भिंत लागायला लागली. लोकांना वाटतं पांढरा रंग शोभेसाठी, तर शोभा आहेच पण तो मुळात आगीपासूनचं चिलखत आहे. उलट मात्सुमोतोचा किल्ला काळा दिसतो, कारण तिथे भिंतीच्या खालच्या भागावर काळ्या रंगाच्या फळ्या आहेत.

तटात जंग्या आहेत, त्याही बघण्यासारख्या. उभ्या लांबट जंग्या बाणांसाठी, आणि गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या बंदुकांसाठी. अशा जवळपास हजार जंग्या आजही शिल्लक आहेत. आतून तोंड रुंद, बाहेरून अरुंद, म्हणजे आतल्याला बंदूक फिरवता येते आणि बाहेरच्याला नेम धरता येत नाही, आपल्याकडच्या गडांवर हेच बघतो आपण.

वाट मात्र अशी काही केलीय की पहिल्यांदा गेलेला माणूस चक्रावतोच. मोठ्या हिशी दरवाजातून आत आलात की तेन्शु अगदी समोर दिसतो, वाटतं हा काय पाच मिनिटांवर आहे. मग दरवाजे सुरू होतात, त्यांना त्यांच्या जुन्या वर्णमालेतली अक्षरं दिलीत, इ, रो, हा, नि, हो, आपल्याकडे अ, आ, इ, ई म्हणावं तसं. त्यातला ‘हा’ नावाचा दरवाजा ओलांडला की रस्ता गर्रकन मागे वळतो आणि तुम्ही तेन्शुकडे पाठ करून चालायला लागता. पुढे ‘हो’ दरवाजा, तो एवढा बुटका की वाकून जावं लागतं, आणि तिथून पुढे रस्ता चक्क उतरायला लागतो. वर जायचंय आणि उतरतोय, म्हणजे चुकलो असंच वाटतं. रायगडाचा महादरवाजा जसा दोन बुरुजांच्या कुशीत लपलाय, समोर येईपर्यंत दिसत नाही, तसाच विचार, पण इथे तो अख्ख्या वाटेभर पसरलेला. या सगळ्या वेळात वरच्या जंग्यांमधून तुमच्यावर नेम धरलेला असणार.

आणि एवढं सगळं करून या तेन्शुवर कधी लढाई झालीच नाही. १६१५ ला ओसाका पडलं, हिदेयोशीचं घराणं संपलं, आणि जपानमध्ये अडीचशे वर्षांची शांतता आली. १६१७ मध्ये किल्ला होंडा तादामासाकडे गेला. त्याची सून सेनहिमे, ही इएयासुची नात, आणि हिदेयोशीच्या मुलाची विधवा, ओसाकाच्या जळत्या किल्ल्यातून वाचलेली. तिच्यासाठी पश्चिमेच्या भागात लांबच लांब दालनं आणि एक बुरुज बांधला, त्याला आजही शृंगाराचा बुरुज म्हणतात. तिचा मुलगा तीन वर्षांचा असताना गेला, १६२६ मध्ये नवराही गेला, मग ती एदोला, म्हणजे आताच्या टोकियोला परत गेली आणि संन्यासिनी झाली. त्या दालनांमधून चालताना जमिनीच्या फळ्या करकरतात, बाकी काही आवाज नसतो.

किल्ल्यावर खरी संकटं आली ती लढायांचा काळ संपल्यावर. १८६८ मध्ये तोकुगावांची सत्ता गेली. हिमेजी तेव्हा साकाई घराण्याकडे होतं आणि ते तोकुगावांच्या बाजूचं, म्हणून नव्या सरकारच्या बाजूने ओकायामाची फौज चालून आली. ओकायामाचं घराणं कोणतं, तर इकेदा, ज्याने हा किल्ला बांधला त्याच तेरुमासाचं. तोफांचे थोडे गोळे टाकले गेले आणि किल्ला शरण आला, मोठं नुकसान झालं नाही. १८७१ ला सरदारांचे मुलूखच रद्द झाले आणि किल्ल्यांना कोणी वाली उरला नाही. हिमेजीच्या किल्ल्याचा लिलाव झाला आणि तो २३ येन ५० सेनला गेला असं सांगतात. घेणाऱ्याला कौलं आणि लोखंड विकायचं होतं, पण पाडायचाच खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त निघाला म्हणून त्याने सोडून दिला.

नंतर किल्ल्याच्या आवारात लष्कराची छावणी आली, आजूबाजूच्या बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या, तेन्शु पडायला आला होता. तेव्हा लष्करातलाच एक कर्नल, नाकामुरा शिगेतो, त्याने १८७८ मध्ये वरिष्ठांना कळकळून अर्ज केला की हा किल्ला आणि नागोयाचा किल्ला, हे दोन राखा, यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. ते ऐकलं गेलं. त्याच्या नावाचा दगडी स्तंभ हिशी दरवाजापाशी आहे, बहुतेक लोक न बघता पुढे जातात, तुम्ही थांबा. ज्या नागोयाच्या किल्ल्यासाठी त्याने तोच अर्ज केला होता तो १९४५ च्या मे मध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेला.

हिमेजीवरही बॉम्ब पडले. किल्ला पांढरा, लांबून दिसतो, म्हणून त्याच्यावर काळी जाळी टाकून झाकला होता. १९४५ च्या ३ जुलैच्या रात्री शहरावर आगीचे बॉम्ब टाकले गेले, किल्ल्याच्या आजूबाजूचं गाव जळून राख झालं. एक बॉम्ब तेन्शुच्या वरच्या मजल्यावरही येऊन पडला, तो पेटला नाही. सकाळी लोकांनी बघितलं तर सगळीकडे काळं आणि मध्ये किल्ला उभा. कसब, पैसा, अर्ज विनंत्या सगळं जमेला धरलं तरी त्या रात्री किल्ला वाचला तो नशिबाने, हे मान्य करायला हवं.

आता त्या खांबाकडे येते. गावात फार पूर्वीपासून म्हण होती की किल्ला झुकलाय, आग्नेयेकडे. त्याची एक लोककथाही आहे, बांधकामाचा मुख्य सुतार गेन्बेई, त्याने काम पुरं झाल्यावर बायकोला वर नेलं आणि ती म्हणाली सुंदर आहे पण जरा कललाय. बाईच्या नजरेला दिसलं म्हणजे माझं काम चुकलं, या दुःखाने त्याने तोंडात पटाशी धरून वरून उडी टाकली. कथाच आहे, पण किल्ला खरंच कललेला होता. १९५६ ते १९६४ या काळात तेन्शु पूर्ण उतरवला गेला, कौल न् कौल, तुळई न् तुळई खुणा करून सोडवली, तेव्हा कारण सापडलं. सुताराची चूक नव्हतीच. पाच हजार टनांहून जास्त वजनाची इमारत, आणि तिचे खांब नुसत्या दगडांवर टेकलेले, ते दगड भरावाच्या जमिनीवर. साडेतीनशे वर्षांत जमीन एका बाजूला जास्त खचली, एका बाजूला कमी, आणि वरचं सगळं कलत गेलं. १९१० च्या सुमाराला एक दुरुस्ती झाली होती पण तेव्हा नुसते टेकू दिले होते. यावेळी खाली काँक्रीटचा पाया घातला आणि मग तेच लाकूड परत वर चढवलं. त्या गेन्बेईला हे कळायला हवं होतं असं उगाच वाटत राहतं.

तेन्शुचा मुख्य आधार म्हणजे दोन महाखांब, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, सुमारे २५ मीटर उंच, तळघरापासून सहाव्या मजल्याखालपर्यंत, बुंध्याला जवळपास एक मीटर जाड. पूर्वेचा खांब बराचसा ठीक होता, त्याचा खालचा कुजका भाग बदलून तोच परत उभा केला. पश्चिमेचा मात्र आतून गेलेला. एवढं उंच हिनोकीचं झाड, म्हणजे जपानी सरूच म्हणा, मिळणार कुठे? किसोच्या जंगलात एक सापडलं आणि आणताना ते मोडलं. विचार करा, एवढी शोधाशोध, आणि झाड मोडलं. शेवटी खालचा भाग किसोच्या झाडाचा आणि वरचा भाग ह्योगोमधल्याच कासागाताच्या देवळाच्या रानातल्या झाडाचा, असे दोन जोडायचं ठरलं. देवळाने झाड दिलं, आणि ते लाकूड शहरातून मिरवणुकीने, लोकांनी दोर ओढत किल्ल्यावर आणलं. तिसऱ्या मजल्यावरचा जोड तो हा.

मग हा किल्ला जुना म्हणायचा की नवा? हा प्रश्न नुसता माझा नाही, १९९३ मध्ये हिमेजी आणि होर्युजीचं देऊळ युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि पुढच्याच वर्षी जपानमधल्या नारा शहरात जगभरच्या जाणकारांची परिषद झाली, तिचा विषयच हा होता की एखादी वास्तू अस्सल आहे म्हणजे काय. दगडाच्या इमारतीत अस्सल म्हणजे मूळचा दगड, हे सोपं आहे. लाकूड मात्र कुजतं, ते बदलत राहिलंच पाहिजे. तिथे ठरलं की मूळ सामान हा एकच निकष धरून चालणार नाही, घडण, तंत्र, वापर, परंपरा हेही बघायचं, प्रत्येक संस्कृतीच्या हिशेबाने बघायचं. मला हे पटतं. ज्या सुतारांनी ते दोन ओंडके जोडले त्यांना १६०९ च्या सुतारासारखाच जोड घालता येत होता, ही विद्या मधल्या साडेतीनशे वर्षांत मेली नव्हती, माझ्यासाठी तर हीच खरी जुनी वस्तू आहे आणि ती लाकडापेक्षा दुर्मिळ आहे.

त्यानंतरची मोठी डागडुजी २००९ ते २०१५. यावेळी इमारत उतरवली नाही, फक्त कौलं आणि गिलावा. तेन्शुभोवती एक अख्खी तात्पुरती इमारत उभारली होती आणि तिच्यात लिफ्ट बसवून लोकांना वर नेऊन छपराचं काम जवळून दाखवायचे, गवंडी कौलांच्या सांध्यात शिक्कुई भरतोय आणि काचेपलीकडून शाळेची पोरं बघतायत. मार्च २०१५ ला उघडला तेव्हा इतका पांढरा झाला होता की लोक त्याला शिरासागीच्या जागी शिरोसुगी-जो म्हणायला लागले, म्हणजे जास्तच पांढरा किल्ला. पण १६०९ मध्ये तो असाच दिसला असणार.

तो पांढरेपणा टिकत नाही. चुन्यावर पाऊस पडतो, ओल धरते, बुरशी येते, आणि आधी छपरावरचे सांधे करडे पडतात मग वळचणी. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा छप्पर खालून राखाडी दिसत होतं, भिंती अजून पांढऱ्या. आवारात छोट्या मोठ्या मिळून ८० च्या वर जुन्या वास्तू आहेत, दरवाजे, बुरुज, तटाच्या भिंती, त्यांचा गिलावा आळीपाळीने काढून परत घालत राहतात. त्या दिवशी एका दरवाजाला परांची बांधलेली होती, निळं कापड लावलेलं, बाहेर पाटी, काम चालू आहे, गैरसोयीबद्दल माफ करा. आतून थापीचा आवाज येत होता.